सहाचे टोल

आमचं रेडिओ केंद्र म्हणजे बंदरामागे,
मासळीच्या लिलावघराच्या माडीवर, दोन खोल्या.
आयर्लंडच्या पश्चिम टोकाला याहून अधिक लागत नाही.
संध्याकाळी सहाच्या बातम्या मी वाचते.
त्याआधी एक मिनिट घंटा.
अठरा टोल: तीन, तीन, तीन, मग नऊ.
घंटा वाजवतो मालाखी टूही.
म्हणजे, कळ दाबतो.

ज्या चर्चची ती घंटा, तिथे आता गालिचे विकतात.
खुद्द घंटा कुठे गेली कुणालाच नक्की माहीत नाही;
लिव्हरपूलला भंगारात, असं ऐकलंय.
राहिलं ते ध्वनिमुद्रण,
आणि त्यात, नवव्या टोलानंतरच्या पोकळीत,
कुणाचातरी खोकला.
पन्नास वर्षं तो माणूस रोज सहाला खोकतोय.

मालाखी देव मानत नाही.
ओरडून सांगत नाही, लपवतही नाही,
एखाद्याने सांगावं, मला शिंपले सोसत नाहीत,
तितक्या साधेपणाने.
आईला पुरलं त्या दिवशी
प्रार्थना संपेपर्यंत तो दाराबाहेर उभा होता,
टोपी हातात.
सहाला येऊन कळ दाबली.

या वसंतात मालकांनी श्रोत्यांना विचारलं:
घंटा ठेवायची की काढायची?

फादर कॉनलेथनी लिहिलं, काढा.
जी ऐकून कुणी थांबत नाही ती प्रार्थना नव्हे,
घड्याळ आहे,
आणि घड्याळं घरोघर आहेत.

ब्रोना हेस्टिंग्जनी लिहिलं, काढू नका.
(मुलीचा बाप्तिस्मा केला नाही म्हणून
गावातल्या शाळेशी वर्षभर भांडलेल्या याच त्या.)
का काढू नका ते मला सांगता येत नाही,
आणि सांगता येत नाही याचाच संताप येतो.

मासे सोलण्याच्या कारखान्यातून याह्याचं पत्र,
हालेबचा, इथे येऊन सहा वर्षं झालेला:
घंटा झाली की मी हातमोजे काढतो.
ती कुणाची आहे, हे मी विचारलं नाही.

एका कार्डावर दोनच शब्द. सही नाही.
खोकला ठेवा.

मग नोव्हेंबरातल्या त्या वादळात वीज गेली.
जनरेटरवर माईक तेवढा जागा झाला,
संगणक गेला तो गेलाच.
सहाला वीस सेकंद कमी.
काचेपलीकडे मी पाहिलं:
मालाखीने चहाचा कप पालथा घातला,
चमचा उचलला.
जीभ दातांत धरून मोजत होता,
पहिल्यांदा दाढी करणाऱ्या पोरासारखा.
तीन. तीन. तीन.
थांबला.
आणि खोकला.
मुद्दाम की खरंच आला,
मी अजून विचारलेलं नाही.

बातम्या संपल्या तसा फोन वाजला.
अट्रॅक्टा लाव्हेल, बेटावरच्या, वय नव्वदच्या पुढे.
वादळाबद्दल एक शब्द नाही,
कपाबद्दलही नाही.
म्हणाल्या, सतराच झाले.

मालाखीने माफी मागितली नाही.
फोन कपाशी धरला
आणि चमचा एकदा वाजवला.
पलीकडे नुसता वारा, श्वास,
मग फोन ठेवल्याचा आवाज.

मालकांनी निर्णय पुढे ढकललाय.
पत्रं खोक्यात आहेत, खोकं जिन्याखाली.
कप मात्र तिथेच आहे, टेबलावर, पालथा,
त्यातून कुणी चहा पीत नाही.
परवा मी विचारलं, हे काय, पूजा मांडलीस की काय?
मालाखी म्हणाला, टवका उडालाय त्याचा.
ओठाला लागतो.